नुसतं बघायला पणजीला

आमच्या गुंदमधून त्या काळी माणूस बाहेर पडायचा तो कारणानं. कुणाचं लग्न, कुठली जत्रा, आजारपण, कचेरीतलं काम, नाहीतर बैल विकायचा-घ्यायचा. कारण नसताना कुणी गावाची शीव ओलांडली असं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यामुळं सुगी संपल्यावर एका सकाळी, खळ्यात भात वारवत असताना, माझ्या नवऱ्यानं जेव्हा सांगितलं की, "औंदा मी हिला घेऊन पणजीला जाणार हाय," तेव्हा आत्तींनी हातातलं सूप खालीच ठेवलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं कानडी वळणानं सासूला तसंच म्हणतात आणि आईला अव्वा.

"कुणाचं लगीन हाय तिथं?" आत्तींनी विचारलं.

"कुणाचंच न्हाई."

"मग देवाला बोललायस काय?"

"न्हाई, अव्वा."

"हिला काय दुखतंय खुपतंय?"

"ती धडधाकट हाय. बघायला जाणार. नुसतं बघायला."

"काय बघायला?"

"समुद्र. आणि ते गाव. पाण्याच्या काठानं बांधलंय म्हणतात, घरं सगळी रंगवल्याली."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून भातातले खडे वेचत राहिले. मला या बेताची एका अक्षरानंही कल्पना नव्हती. आत्ती म्हणाल्या, "पाणीच बघायचं तर सुप्याला जा की. काळी नदी हाय, हिचं माहेर हाय, दोन घास जेवून या."

"ती नदी झाली, अव्वा. हा समुद्र."

पहिली मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझं लग्न होऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं. त्यामुळं गावानं आपल्या मनानं ठरवून टाकलं की ही दोघं कुठल्यातरी देवीला नवस बोलायला चालली आहेत आणि लाजेनं सांगत नाहीत. पाणवठ्यावर बायका मला म्हणायच्या, "बरं केलंस बाई, ती देवी पावते." कुठली देवी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी हसायची आणि घागर उचलायची. खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

नवऱ्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते त्यानं मला वाटेत सांगितलं. शेतातली कामं संपली की तो जंगलातून सागवानाचे ओंडके गाडीवर घालून कॅसलरॉकला पोचवायचा. स्टेशनाजवळच्या वखारीत ओंडके उतरायचे, मग ते मालगाडीच्या वाघिणींत चढायचे आणि आगगाडी त्यांना घेऊन बोगद्यात शिरायची. वर्षानुवर्षं त्यानं हे बघितलं होतं. "लाकडं जात्यात गं," तो मला म्हणाला, "आपल्या जंगलातली लाकडं मुरगावला जात्यात, तिथनं आगबोटीत बसून कुठल्या कुठं जात्यात. आणि मी बोगद्याच्या तोंडापासनं माघारी फिरतोय. एकदा तरी त्या बोगद्याच्या पलीकडं काय हाय ते बघायचं. एकट्यानं बघण्यात मजा न्हाई."

हे शेवटचं वाक्य तो बैलांकडं बघत बोलला. आमच्यात नवऱ्यानं बायकोला असलं काही बोलायची रीत नव्हती. ती सगळी वाट मला चढ म्हणून लागली नाही.

कॅसलरॉकला त्याच्या ओळखीच्या एका गाडीवानाकडं आम्ही गाडी-बैल ठेवले आणि तिथंच मुक्काम केला. सकाळी मी नवं चौकड्याचं लुगडं नेसले, केसांत रानशेवंती घातली आणि तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या मिरचीची चटणी, पोहे आणि गूळ असं गाठोडं काखेत घेऊन फलाटावर उभी राहिले. आगगाडी मी आधी लांबून बघितली होती. जवळून ती अंगावर येते असंच वाटतं. ती थांबली, तिनं वाफ सोडली, आणि मी किंचाळले. आजूबाजूचे हमाल हसले. नवराही हसला, पण त्यानं डब्यात चढण्याआधी स्वतःचा फेटा दोनदा नीट केला, ते मी बघून ठेवलं. तोही पहिल्यांदाच आत चढत होता.

गाडी सुटली आणि बोगदा आला. डब्यात एकदम काळोख झाला, धूर शिरला, लोक खोकायला लागले, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. त्या काळोखात माझ्या हातावर एक हात आला. खरबरीत, कासऱ्यानं घट्टे पडलेला. मी ओळखला. लग्नानंतर एवढ्या माणसांत त्यानं माझा हात धरायची ती पहिलीच वेळ. उजेड आला तसा हात निघून गेला, आणि तो खिडकीबाहेर असा बघत बसला की जणू काही झालंच नाही. मग दुसरा बोगदा आला. पुन्हा हात आला. घाटात बोगदे पुष्कळ आहेत. माझ्या समोर बसलेल्या म्हातारीला प्रत्येक बोगद्यानंतर मी का हसते हे काही केल्या कळेना. तिनं मला विचारलं, "काय गं, धुराची भीती वाटत न्हाई तुला?" मी म्हटलं, "न्हाई वो, लई आवडतंय."

आणि मग एका वळणावर सगळा डबा एका बाजूला झुकला. दूधसागर! डोंगराच्या माथ्यावरून पांढरं पाणी खाली कोसळत होतं आणि आमची गाडी त्याच्या मधूनच, पुलावरून चालली होती. तुषार खिडकीतून आत आले. माझं तोंड ओलं झालं. मी ओरडले, "अवो, बघा! अवो, बघा की!" तो बघतच होता. सगळे बघत होते. तरी मी ओरडत राहिले. पुढं कितीतरी वेळ माझ्या ओठांवर ते पाणी होतं आणि मी ते पुसलं नाही.

कुळ्याला फिरंग्यांची चौकी होती. सगळ्यांना खाली उतरवलं. एक गोरा अंमलदार, मोठ्या मिशांचा, टेबलामागं बसला होता आणि एक शिपाई त्याचं बोलणं कोंकणीत सांगायचा. आमचं गाठोडं सोडलं. अंमलदारानं चटणीचा वास घेतला आणि त्याला सटासट शिंका आल्या. शिपायानं हसू दाबत विचारलं, "खंय वता? कसलें काम?" कोंकणी आम्हा दोघांनाही येत होती, आमच्या जंगलात निम्मी माणसं तीच बोलतात. नवरा म्हणाला, "पणजीला. काम काय न्हाई. बघायला."

शिपायानं ते अंमलदाराला सांगितलं. अंमलदारानं पुन्हा काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय, व्यापार?"

"न्हाई."

"सोयरे आहेत?"

"न्हाई. ही माझी बायको. आमी समुद्र बघायला चाललोय."

अंमलदारानं आम्हा दोघांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं चौकड्याचं लुगडं, त्याचा फेटा, उघडं पडलेलं भाकऱ्यांचं गाठोडं. मग तो खुर्चीतून अर्धवट उठला, मान लववली आणि हातानं वाट दाखवली. शिपाई म्हणाला, "जा, जा. तो म्हणतोय, समुद्र तुमची वाट बघतोय." हे अंमलदार म्हणाला की शिपायानंच आपल्या पदरचं घातलं, देव जाणे. पण मला वाटलं, आत्तींना हे ऐकवायला पाहिजे होतं.

मुरगावला उतरलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. फलाट संपला, एक कोपरा वळलो, आणि समोर तो होता.

त्याविषयी काय लिहू? मी काळीच्या काठची पोर. पोहायला मी चालायच्या बरोबरीनं शिकले असं माझी अव्वा सांगायची. पाणी मला नवं नव्हतं. पण जे पाणी मी ओळखत होते त्याला पलीकडचा काठ असायचा. इथं मी नजर टाकली आणि ती कुठंच टेकेना. नजर पुढं पुढं जात राहिली आणि झोका उंच गेल्यावर होतं तसं मला झालं. मी मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. नवरा घाबरला. "काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाई. एवढं मोठं हाय!"

बंदरात आगबोटी उभ्या होत्या, आमच्या देवळापेक्षा उंच. एक लोखंडी यंत्र मान वाकवून ओझी उचलत होतं. धक्क्यालगत ओंडक्यांची रास होती. नवरा तिकडं गेला तो येईना. मी बघते तर तो राशीभोवती फिरतोय, प्रत्येक ओंडक्याच्या बुडाशी वाकून बघतोय. जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का लाकडावर असतो, तो शोधत होता. एकाएकी त्यानं मला हाक मारली. "हे बघ! हे आपल्या जंगलाच्या रेंजातलं! ह्यो तर मी आणल्याला. ही गाठ बघ, ह्या गाठीपायी साखळी बसत नव्हती, चढाला डावा बैल गुडघ्यावर आला होता." त्यानं त्या ओंडक्यावर थाप मारली, गुरांच्या पाठीवर मारतात तशी. "पोचलास की रं बाबा," तो म्हणाला, "आता हो पुढं."

तिथून पणजीला जायला वाफेवर चालणारी लहान लाँच होती. आम्ही पुढच्या बाजूला बसलो. बंदराच्या आडोशाबाहेर येईतो सगळं गुळगुळीत होतं. मग खुल्या पाण्यात आलो आणि लाँच डोलायला लागली. मला तर पंख फुटले. लाट यायची, नाक वर जायचं, खाली आदळायचं, पाणी अंगावर उडायचं. मी कठडा धरून उभी राहिले आणि प्रत्येक लाटेला "आली, आली!" असं ओरडत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की शेजारून उत्तर येत नाही.

वळून बघितलं तर नवरा खाली बसला होता. तोंड पांढरंफटक. वाघाच्या वाटेवरून एकट्यानं गाडी हाकणारा माणूस, दोन्ही हातांनी फळी आवळून, डोळे मिटून. मी जवळ गेले तसा तो म्हणाला, "हे थांबव." जणू लाँच मीच चालवत होते. मग त्याला ओकारी सुरू झाली. शेजारच्या एका कोळणीनं आपल्या टोपलीतून लिंबू काढलं, दातानं फोडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. मला म्हणाली, "दर्याक सगळे सारके. भिऊं नाका." मी घाबरले नव्हते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लोकांसमोर, भर उजेडात, आणि पदरानं वारा घालत राहिले. काबो नावाच्या डोंगराचं टोक ओलांडून आम्ही मांडवीच्या मुखात शिरलो तसं पाणी निवळलं. पण तो काही लवकर सावरला नाही.

पणजीत लक्ष्मीच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत, आम्हाला जागा मिळाली. शेजारच्या खाणावळीतल्या बाईनं गरम पेज आणि लिंबाचं लोणचं दिलं. दोन घोट घेऊन तो आडवा झाला. मी त्याच्या उशाशी बसले. बाहेरून घोडागाडीच्या चाकांचा आवाज येत होता, कुठंतरी कुणी पेटी वाजवत होतं, आणि खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती. अगदी पिवळीजर्द, हळदीसारखी. भिंतीला पिवळा रंग देतात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यानं डोळे उघडले. "तू काय करत्येस हितं?"

"बसलेय."

"बसायला आलोय काय आपण? जा. बघून ये."

"एकटी?"

"मला उठवत न्हाई. ऊन हाय तवर जा. समदं बघून ये आणि मला सांग."

गुंदमध्ये मी एकटी सरपणाला जंगलात जायची, गव्यांच्या कळपाजवळून यायची. पण एकट्या बाईनं शहर बघायला जाणं हे मी स्वप्नातही आणलं नव्हतं. उंबऱ्यात मी थोडी थांबले. मग पदर खोचला आणि निघाले.

काय सांगू त्या फेरीची मजा! रस्ते मापानं ओढल्यासारखे. घरांना लाकडी जाळ्यांचे सज्जे, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या, त्यातून आत दुधाळ उजेड. एका घराचा रंग शेंदरी, दुसऱ्याचा निळा. बायका टोपी घालून, हातात छत्री धरून, नवऱ्याच्या हाताला हात गुंतवून खुशाल चालल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्या माझ्याकडं. पांढऱ्याशुभ्र देवळाच्या, म्हणजे त्यांच्या इगर्जीच्या, पायऱ्या नागमोडी वर गेल्या होत्या. मी चढले. वर एक म्हातारी ख्रिस्ती बाई मेणबत्त्या विकत बसली होती. तिनं विचारलं, "घोव खंय तुजो?"

"निजलाय. दर्या लागला त्याला."

ती इतकी हसली की तिच्या मेणबत्त्या घरंगळल्या. मग तिनं मला स्वतःशेजारी बसवलं आणि बोटानं दाखवलं. खाली छपरांची लाल कौलं, त्यापलीकडं माडांची रांग, त्यापलीकडं नदी, आणि नदी जिथं समुद्राला मिळते तिथं सूर्य उतरायला लागलेला. शिडाच्या होड्या काळ्या दिसत होत्या. तेवढ्यात डोक्यावर घंटा वाजायला लागली, इतकी मोठी की दगडी पायरी खालून थरथरल्यासारखी वाटली. म्हातारीनं छातीवर क्रूस केला. मी हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही, पण जोडल्यावाचून राहवलं नाही.

परतताना मी चुकले. जंगलात मी कधी चुकले नव्हते. तिथं प्रत्येक झाड वेगळं असतं. इथं पिवळी घरं दहा ठिकाणी निघाली. एका बोळातून गेले, तिथं भिंत. दुसऱ्यातून गेले, तिथं कुत्रं. कुणाला विचारायचा धीर होईना. मग मी थांबले आणि स्वतःशीच म्हटलं, अगं, रानात वाट चुकलीस तर काय करशील? उताराला लागेन, पाण्यापर्यंत जाईन. तशीच उताराला लागले. सगळे रस्ते हळूहळू खाली गेले आणि मला नदीवर आणून सोडलं. लाँच लागली होती तो धक्का दिसला. तिथून अग्रशाळेची वाट मला पाठ होती. जवळजवळ पळतच आले.

तो दारात उभा होता, फेटा बांधून, रंग परतलेला. रागावलेला असेल असं वाटलं. पण माझा चेहरा बघून म्हणाला, "लई बघितलंस वाटतं."

"लई. चला, तुमाला दावते."

आणि मी त्याला घेऊन निघाले. पुढं मी, मागं तो. असं आम्ही कधी चाललो नव्हतो. "हितनं वळायचं," "हे बघा," "त्या खिडकीत शिंपले हायत, कळलं काय," असं मी तोंडभर बोलत होते. चौकातल्या बागेत दिव्यांच्या खांबांना शिडी लावून एक माणूस एकेक दिवा उजळत होता आणि मधल्या चौथऱ्यावर पितळी वाजंत्री लावून सैनिक बँड वाजवत होते. आमची वाजंत्री माणसाला नाचायला लावते, ती छाती पुढं काढून चालायला लावत होती. नवऱ्याचा पाय ठेका धरायला लागला. मी बघितलं, त्यानं बघितलं की मी बघितलं, आणि दोघंही हसलो. टोपीवाल्या बायका नवऱ्यांच्या हाताला धरून फिरत होत्या. तो माझ्या कानाशी म्हणाला, "हितं बोगदा न्हाई लागत वाटतं ह्यांना."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या वाळूत गेलो. तो कोरड्यात बसून राहिला, समुद्राकडं संशयानं बघत. मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आत गेले, मग कमरेपर्यंत, आणि मग एक मोठी लाट आली तिनं मला उचलून परत काठावर टाकलं. तोंडात मीठ, केसांत वाळू. उठले आणि पुन्हा गेले. माझ्यातली सुप्याची पोर कुठं लपून बसली होती कोण जाणे, ती त्या दिवशी बाहेर आली आणि परत जायचं नाव घेईना. तो काठावरून ओरडत होता, "अगं, बास!" आणि हसतही होता.

खरी पंचाईत परतीची झाली. लाँचीचं नाव काढताच त्याचं तोंड पुन्हा पांढरं पडलं. "मी चालत जाईन," तो म्हणाला. खाणावळवाल्या बाईनं सांगितलं की जमिनीनं आगशीपर्यंत जाता येतं, पण तिथं जुवारी नदी आडवी येते, तिला होडीशिवाय उपाय नाही. पलीकडं कुठ्ठाळीला उतरलं की पुढं चालत कासावलीच्या स्टेशनावर. "नदी न्हवं?" तो म्हणाला. "मग जमंल."

आम्ही मिठाच्या गोणी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका बैलगाडीतून आगशीला आलो. वाटेत त्यानं गाडीवानाच्या हातातून कासरा मागून घेतला आणि थोडा वेळ स्वतःच हाकली, तेव्हा कुठं त्याच्या अंगात जीव आला. पण जुवारी समोर दिसली आणि गडी थबकला. आमच्या काळीची चार पात्रं शेजारी ठेवली तरी भरायची नाही, एवढी रुंद. वारं सुटलं होतं. होडी लहान. पहिली होडी भरून गेली, तो हलला नाही. दुसरी आली. होडी हाकणारा तारी म्हणाला, "बसतात की ना? वारो वाडटलो."

नवरा हळूच म्हणाला, "मला पवायला येत न्हाई."

इतकी वर्षं संसार झाला आणि हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वाटेवरचे नाले तो गाडीतून पार करायचा, पाण्यात उतरायची वेळच यायची नाही.

"मला येतंय," मी म्हटलं. "बसा. माझ्याकडं तोंड करून बसा. पाण्याकडं बघू नगा."

तो बसला. होडी सुटली. त्याचे हात माझ्या मनगटांवर होते आणि इतके घट्ट की पुढं दोन दिवस वळ राहिले. मी म्हटलं, "आपली गाडी गुंदहून निघाली. ओंडके भरल्यात. पुढं काय लागतं?"

"काय?"

"सांगा की. पुढं काय लागतं?"

"...म्हसोबाचा दगड."

"मग?"

"मग उतार. तिथं मागं लाकूड बांधाय लागतं, न्हाईतर गाडी बैलांवर जात्ये."

"मग?"

"मग नाला. उन्हाळ्यात कोरडा. मग बांबूचं बन. तिथं गवे असत्यात, तवा घुंगरं वाजवायची..."

होडी मध्यावर आली. वाऱ्याचा झोत आला, ती एका अंगाला कलली, एक ओंजळभर पाणी त्याच्या मानेवर पडलं. त्याचा शब्द तुटला. डोळे बाजूला वळायला लागले.

"मग? बन झालं. पुढं?" मी जोरात म्हटलं.

"पुढं... चढ. मोठा चढ. डावा बैल हितं नेहमी अडतो. त्याला शिव्या देऊन चालत न्हाई, नुसतं नावानं बोलवायचं..."

होडीतली सगळी माणसं ऐकायला लागली होती. तारी वल्हं मारता मारता म्हणाला, "आनी मागीर?" तो सांगत राहिला. चढ संपला, खिंड आली, जोड ओढा आला, गाडीवानांचा तळ आला, लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. "आणि मग वखारीचं फाटक," तो म्हणाला, आणि होडीचं नाक खसकन कुठ्ठाळीच्या वाळूत घुसलं. तारी ओरडला, "पावलें रे कॅसलरॉक!" सगळी होडी हसली. माझा नवरा उठला, गुडघाभर पाण्यात स्वतःहून उतरला आणि मला हात देऊन खाली घेतलं. बोगदा नव्हता, काही नव्हतं. हात त्यानं स्टेशन येईतो सोडला नाही.

घरी पोचलो त्या संध्याकाळी अंगण बायकांनी भरलं. देवी पावली का, प्रसाद काय आणला, असं सगळ्या विचारायला लागल्या. मी गाठोड्यातून शिंपले काढून पोरींना वाटले आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं, "देवीला न्हाई गेलो. नुसतं बघून आलो." मग मी सुरू केलं, दूधसागरापासून. अंमलदाराच्या शिंका, काबोची लाट, शिंपल्यांच्या खिडक्या, घंटा. होडीचं सांगायला लागले तसा नवरा उठून गोठ्यात गेला. मी तेवढं गाळलं, ते आमचं दोघांचं राहू दिलं.

आत्ती सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसल्या होत्या. एकेक बाई उठून गेली तशा त्या पुढं सरकत आल्या. शेवटी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि विचारलं, "एवढं समदं पाणी, आणि खारट म्हणत्येस?"

"व्हय, आत्ती. तोंडात घेतलं मी."

त्यांनी उरलेला एक शिंपला उचलून जिभेला लावून बघितला.

"मग त्या बायका भात कशात शिजवत्यात गं?"

मी सांगायला सुरुवात केली.